अंगचोर मन्मथ

आमच्या कॉलेजात सगळ्यांत थंड जागा प्राचार्यांची केबिन नव्हे, उंदरांची खोली. मे महिन्यात सगळं नांदेड भाजून निघतं आणि विष्णुपुरीच्या बाजूला आमच्या औषधशास्त्राच्या कॉलेजात प्रयोगाचे उंदीर एसीत झोपा काढतात. मला याचा भारी राग यायचा. मी शेजारच्या स्टोअरमध्ये पंख्याखाली चिंब व्हायचो आणि उंदरांची देखभाल करणारा मन्मथ उन्हात जाऊन आला तरी कोरडाठाक.

मन्मथ लोह्याकडचा, शेतकरी लिंगायत घरातला. वय चाळिशीचं, पण डोक्यावर चार केस, तोंडात कवळी आणि कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. सकाळी लावलेली विभूती संध्याकाळी जशीच्या तशी. या विभूतीनंच त्याचा घात केला. शेतात राबणाऱ्याची विभूती दुपारपर्यंत घामानं वाहून जायला पाहिजे. याची टिकायची. त्यावरून गावानं ठरवून टाकलं की पोरगं कामचुकार आहे.

वडील महादेवप्पा तर चारचौघांत म्हणायचे, "अंगचोर हाय लेकाचं! घामाचा टिपूस न्हाई अंगाला." हळद काढताना दोन-तीनदा तो सरीतच कोसळला, अंग तव्यासारखं तापलेलं. तेही नाटक ठरलं. लग्नात नवरीकडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं म्हणे, "अंगचोर मन्मथ म्हणत्यात ते ह्येच का?" हे सांगताना मन्मथ हसायचा, पण कवळी बसवायच्या निमित्तानं तोंड फिरवायचा.

पुढं ही थंड खोलीतली नोकरी लागली आणि अप्पांच्या लेखी तो कायमचाच शेत सोडून पळाला. सणाला घरी गेला तरी ते त्याच्याशी धड बोलत नसत. "अप्पांनी एकदा म्हणावं की मन्मथ चोर न्हाई. मग कायबी नको," असं तो डबा खाताना मला सांगायचा. माणूस फार मायाळू. पिंजरे धुताना उंदरांना "सरका लेकरांनो, सरका" म्हणायचा, आणि खरं सांगतो, ते सरकायचेही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या प्राध्यापक राजकन्या मॅडमनी संशोधनासाठी नवे उंदीर मागवले. मी म्हटलं, ही कसली सदोष डिलिव्हरी! कानामागं टक्कल, शेपटीवर केस नाहीत, टोकाला मुरड, दात बारके नाहीतर गायबच. मॅडम म्हणाल्या, "सदोष नाहीत, असेच हवे होते. यांच्या एका जनुकात बिघाड आहे. केस, दात आणि घाम, तिन्ही त्याच एका जनुकाच्या हुकमावर तयार होतात." मन्मथनं लगेच त्या बोळक्या उंदरांचं खाणं पाण्यात भिजवून मऊ करायला घेतलं.

उंदराला घाम येतो तो फक्त तळव्यांना. तो बघायची रीत गमतीची आहे. तळव्याला आयोडीन लावायचं, वाळलं की एरंडेल तेलात कालवलेला स्टार्च लावायचा. जिथं घाम सुटेल तिथं काळा ठिपका उठतो. साध्या उंदराचा तळवा तीळ सांडल्यासारखा दिसला. नव्या उंदराचा कोराच्या कोरा.

माझ्या जिभेला हाड नाही. म्हणालो, "टक्कल, दात नाहीत, घाम नाही! मॅडम, मन्मथलापण पिंजऱ्यात घाला की. उंदीरमामाला दुधाचा दात दिला असेल यानं, मामानं परत केलाच नाही."

मन्मथ हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मन्मथ, आईच्या माहेरी कुणाला असं आहे का?"

"हाव मॅडम. माझा सख्खा मामा. भर तारुण्यात बोळका. उन्हाळाभर हौदात बसून राहायचा."

मॅडमनी माझा आणि त्याचा हात शेजारी शेजारी ठेवून रंगवला. माझा पंजा काळ्या ठिपक्यांनी भरला. त्याच्या पंजावर एकही ठिपका उठला नाही. मी त्याची माफी मागितली, आणि मी माफी मागणं ही आमच्या कॉलेजात बातमी असते.

पुढं रक्ताची तपासणी झाली. तेच जनुक निघालं, आईकडून आलेलं. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या अंगात घामाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीतच. उन्हात राबत राहिला असता तर जिवावर बेतलं असतं." मन्मथनं सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "मॅडम, ती आयोडीनची बाटली आन् ते स्टार्चचं तेल एक दिवस द्याल का? अप्पाला दाखवायचं हाय."

रविवारी सकाळी माझ्या मोटारसायकलवर आम्ही गावी गेलो. मागं बसून तो दर थोड्या वेळानं बाटलीतल्या पाण्यानं दस्ती भिजवून डोक्यावर घेत होता. महादेवप्पा ओट्यावर बसले होते. "आलं का अंगचोर," म्हणाले, पण मन्मथनं बाटली काढून हात मागितला तसा पुढं केला. म्हातारा हट्टी असला तरी नवं काही बघायची हौस होती.

मन्मथनं बापाचा हात मांडीवर घेऊन रंगवला, मग स्वतःचा. बापाच्या भेगाळलेल्या पंजावर बघता बघता काळे ठिपके उठले. "ह्यो तुमचा घाम, अप्पा," मन्मथ म्हणाला, "आन् ह्यो माझा हात. मी चोरत न्हवतो. देवाकडनं मला द्यायचाच राह्यला."

म्हाताऱ्यानं लेकाचा पंजा धोतराला पुसला, पुन्हा बघितला, उन्हाकडं धरून बघितला. मग तो हात काही सोडेना. मला म्हणाले, मला, कारण लेकाकडं बघवत नव्हतं, "आमी ह्याला चोर म्हनलो हो. चोरी तर ह्याच्याच घरी झाली हुती."

मन्मथच्या डोळ्यांतही पाणी बेताचंच येतं, त्याच जनुकाची कृपा. त्याची कसर मी भरून काढली.

बारा वाजले तशी मी गाडीची किल्ली काढली. म्हाताऱ्यानं ती माझ्या हातातून घेतली, कनवटीला लावली आणि रांजणात आपला शेला बुचकळून लेकाच्या डोक्यावर गच्च बांधला.

"बस हितंच," म्हणाले. "ऊन उतरल्याबिगर पोराला भायेर काढायचं न्हाई."