शेवंतीचं खत थांबवायची वेळ

मंगळवारी डॉक्टर माझ्या बायकोला पाहायला घरी आले आणि म्हणाले, तिला आता खाण्याचा आग्रह करू नका. ते गेल्यावर मी बाल्कनीत जाऊन शेवंतीला पेंडीचं पाणी घातलं.

मुलुंडच्या आमच्या घराला पूर्वेकडे बाल्कनी आहे. तिथे माझी बायको पिवळ्या शेवंतीच्या अकरा कुंड्या लावायची. मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीच्या घटाला ती घरच्या शेवंतीची वेणी घालायची. त्या वर्षी पहिला गुरुवार बाजारातल्या वेणीवर निघाला होता. घट मीच मांडला. ती पलंगावरून पाहत होती. तेव्हा म्हणाली, "शेवटच्या गुरुवारी तरी घरची असू दे हो." तिचं दुसरं काही मागणं उरलं नव्हतं. पोटाच्या आजाराने तिला पेजेचे चार चमचेही सोसत नव्हते.

कुंड्यांचं काम मी कधी केलं नव्हतं. माझी सारी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. बाल्कनीत मी खुर्ची टाकून वाचत बसायचो आणि ती माझ्या पायांवरून झारी फिरवायची. तिची पद्धत मला पाहून पाहून माहीत होती. शेंगदाण्याची पेंड रंगाच्या जुन्या डब्यात चार-पाच दिवस भिजवायची, मग ते पाणी चहाच्या रंगाइतकं पातळ करून आठवड्यातून एकदा घालायचं. कळीच्या टोकाला पिवळा रंग दिसला की पेंड बंद. त्यानंतर नुसतं पाणी भरपूर घालून मातीतलं खत धुऊन काढायचं आणि फूल उमलेपर्यंत झाडाला काही द्यायचं नाही. "आता त्याचं ते करील," असं ती म्हणायची.

त्या मंगळवारी कळ्यांना रंग दिसला होता. मला ते दिसत होतं. तरीही मी पेंड घातली, आणि ती चहाच्या रंगाची नव्हती, काळी होती. गुरुवारी घातली, शनिवारी घातली. पुढच्या आठवड्यातही घातली. एका पुस्तकात वाचलं होतं म्हणून केळ्याच्या सालींचं पाणीही घातलं. माझा हिशेब सरळ होता. शेवटच्या गुरुवारपर्यंत फुलं यायला हवी होती, आणि माझी बायको तोवर असायला हवी होती. दोन्ही ठिकाणी मला एकच उपाय सुचत होता. सकाळी मी तिच्या तोंडाशी चमचा धरायचो. ती माझ्याकडे पाहून तोंड उघडायची आणि थोड्या वेळाने पेज उलटून पडायची.

तिसऱ्या गुरुवारीही वेणी बाजारातलीच होती. दुसऱ्या दिवशी तिने एक कुंडी आत आणायला सांगितली. मी टाळाटाळ केली, पण ती ऐकेना. कुंडी स्टुलावर ठेवली. पानांच्या कडा करपल्या होत्या. कळ्या दहा दिवसांपूर्वी होत्या तेवढ्याच होत्या आणि दगडासारख्या घट्ट. तिने मातीवर बोट फिरवलं, बोटाला पांढरी खपली लागली. ते तिने हुंगलं.

"पेंड घातलीत?"

"थोडी."

"अहो, हे थोडीचं काम नाही. रंग दिसल्यावर घातलीत ना?"

"म्हटलं, लवकर उमलतील."

ती बराच वेळ पानाची करपलेली कड दोन बोटांत धरून होती. मग म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचलीत, आणि मला एक विचारता आलं नाही?"

मला विचारायचं नव्हतं. विचारलं असतं तर तिने थांबा म्हटलं असतं.

शनिवारी सकाळी तिच्या सांगण्यावरून मी कुंड्या धुवायला घेतल्या. पहिल्या कुंडीत बाल्कनीतच दोन बादल्या ओतल्या. खालच्या मजल्यावरून लगेच हाक आली.

"काका! वरून गटार सोडलंय का? आत्ता वाळत घातल्यात चादरी!"

"शेवंतीचं पाणी आहे," मी वाकून म्हणालो.

"शेवंतीला असा वास येतो होय? माझ्या चादरींची वाट लागली ना!"

आतून तिचा आवाज आला, "सांगा तिला, अत्तर आहे म्हणावं. पैसे नाही घेत." आणि ती हसली. हसता हसता तिला ढास लागली. मी आत धावलो. पाठीवरून हात फिरवताना तिचा एकेक मणका हाताला लागत होता.

मग मी एकेक कुंडी बाथरूममध्ये नेली. नळाखाली ठेवायची, पाणी वरून भरून खालच्या भोकातून जाऊ द्यायचं, निथळली की पुन्हा. खालून येणारं पाणी मी काचेच्या पेल्यात धरायचो आणि तिच्यापाशी न्यायचो. ती पेला खिडकीच्या उजेडात धरायला लावायची.

"अजून."

पुन्हा नेला.

"अजून आहे. घाई नका करू."

पाचव्या कुंडीचा पेला घेऊन गेलो तेव्हा तिला झोप लागली होती. पाणी स्वच्छ होतं की नव्हतं, ते मला ठरवता येईना. ती धरून उरलेल्या सात कुंड्या मी माझ्या अंदाजाने धुतल्या. भीतीपोटी प्रत्येकीत जास्तच पाणी ओतलं.

त्या संध्याकाळी मी पेजेची वाटी घेऊन गेलो. तिने मान हलवली. मी वाटी परत नेली आणि ओट्यावर ठेवली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मी "एकच घास" म्हणालो नाही. नंतर तिच्या ओठांवर पाण्यात भिजवलेला कापूस फिरवत बसलो. तिने डोळे मिटले होते. तिला बरं वाटत असावं. डॉक्टर येऊन गेल्यापासूनचे ते दहा-अकरा दिवस मी तिला तसं द्यायला हवे होते, हे मला तेव्हा कळलं. तोवर दिवस उरले नव्हते.

ती मंगळवारी गेली. शेवटच्या गुरुवारी घरात सुतक होतं, घट मांडायचा प्रश्नच नव्हता. धुतलेल्या कुंड्यांपैकी नऊंची मुळं सडली. पानं काळी पडून लोंबली. दोन कुंड्यांत फुलं आली, ती तेराव्याच्या आदल्या दिवशी. बटणाएवढी, पाकळ्यांची टोकं जळलेली. तेराव्याला आलेल्या नातेवाइकांनी तिच्या फोटोला बाजारातला हार घातला. बाल्कनीत कोणी गेलं नाही. मीही ती फुलं तोडली नाहीत. त्यांच्यावर माझा हात जाईना.

ती दोन झाडं तिने धुऊन घेतलेल्या चारांतली होती की माझ्या सातांतली, हे मला सांगता येत नाही. कुंड्यांवर मी खूण केली नव्हती. या गोष्टीचा मी अजूनही विचार करतो आणि त्यातून काही निघत नाही.

फुलं सुकल्यावर झाड बुडापासून छाटून फुटवे वेगळे लावायचे असतात. ती ते दरवर्षी करायची. मी छाटणी उशिरा केली. एका कुंडीतला फुटवा उन्हाळ्यात गेला.

आता एका कुंडीत चार पानांचा एक फुटवा आहे. त्याला मी नुसतं पाणी घालतो.