ऐनावरचं बिऱ्हाड

मुठा खोऱ्यात खोली भाड्याने घेऊन राहायला आले, त्या वर्षी ज्याला शिक्रा समजून मी अर्धी सकाळ दुर्बीण रोखून उभी होते, तो पावशा निघाला. दोघेही साधारण कबुतराएवढे, करड्या पाठीचे, शेपटीवर आडवे पट्टे. पावशाला नुसतं बघून बुलबुलसुद्धा शिक्रा आला म्हणून पळ काढतात, तिथे माझी काय कथा! पण शिक्रा शिकारी पक्षी, त्याची चोच आकड्यासारखी वाकलेली असते. तो ताठ बसतो, आणि पावशा फांदीवर टेकला की शेपटी हलवत, पंख ढिले सोडून बसतो. बेसरा त्याहून त्रासदायक. तो शिक्र्याचाच भाऊबंद, पण डोंगरातल्या दाट झाडीत राहणारा. त्याच्या गळ्यावर मधोमध ठसठशीत काळी रेघ असते. शिक्र्याची रेघ पेन्सिलीने ओढून अर्धवट पुसल्यासारखी. पुण्यातल्या मैत्रिणींना हे फोनवर सांगितलं की त्या "हो का" म्हणतात आणि तिकडे हवा कशी आहे ते विचारतात.

माझ्या घरमालकीण, त्यांना मी मावशी म्हणते, इतक्याही भिडस्त नाहीत. "कोंबडीचं पिल्लू नेतुया त्यो शिकरा," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "रेघा कशाला बघत बसायच्या?"

यंदा होळीनंतर माझ्या खिडकीसमोर, मावशींच्या बांधावरच्या ऐनाच्या झाडावर शिक्र्याच्या एका जोडीने काटक्या आणायला सुरुवात केली. नर लहानखुरा, निळसर करडा, लालभडक डोळ्यांचा. मादी चांगली थोराड, पाठीवर तपकिरी झाक, डोळे पिवळे. मादी घरट्यात बसायची आणि शिकार नराने आणायची, असा त्यांचा रिवाज. तोही घरट्यापर्यंत येत नसे. शेजारच्या जांभळीच्या वाळक्या फांदीवर सरडा घेऊन बसायचा आणि हाका मारायचा. ती यायची, त्याच्या पायातला सरडा ओढून घ्यायची आणि मागे वळूनही न बघता परत जायची. पगार दारातच काढून घेतात तशातला प्रकार. मला त्या बिचाऱ्याचा फार लळा लागला.

पण तो ऐन राबाचा होता. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर झाडांच्या फांद्या, शेण, पालापाचोळा पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. राब नीट भाजला नाही तर तण माजतं आणि रोप धड होत नाही. फांद्या खरं तर आधीच तोडून वाळवायच्या असतात. यंदा तोडणारा माणूस भुकूमला नव्या इमारतींच्या कामावर गेला आणि तोडणं वैशाखापर्यंत लांबलं. शेवटी शेजारी राहणारे मावशींचे दीर म्हणाले, मीच तोडून देतो. तोवर घरट्यात तीन पांढरी, कापसासारखी पिल्लं माना वर करू लागली होती.

मी मावशींची मनधरणी केली. पिल्लं उडेपर्यंत थांबा म्हटलं.

"आन् माज्या कोंबडीची पिल्लं?"

"तो सरडेच आणतो, मावशी. मी रोज बघते. तुमच्या पिल्लाला तो हात लावणार नाही, माझी हमी."

"बरं," मावशी म्हणाल्या. "तुमी म्हनताय म्हनून. पर एक जरी पिल्लू गेलं तर ऐन तोडनार. मंग माज्याशी भांडायचं न्हाई."

मी कबूल केलं. स्वतःच्या अभ्यासावर माझा भलताच भरवसा.

एका दुपारी आम्ही दोघी पडवीत वाल निवडत होतो. पेंढ्याच्या गंजीआडून काहीतरी जमिनीलगत आलं, गंजीवरून उसळलं आणि अंगणात पडलं. कोंबडीने आकांत मांडला. पिल्लू पायात धरून तो पक्षी क्षणभर कुंपणावर टेकला आणि उडाला. "बेसरा!" मी घाईघाईने म्हणाले. "डोंगरातला बेसरा आहे हा, आपला नाही."

पक्षी सरळ ऐनावर जाऊन उतरला. मावशींनी झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमचा बेसरा आमच्या ऐनावर ऱ्हातुया व्हय?"

कुंपणावर ते पिवळे डोळे आणि तपकिरी पाठ मी स्पष्ट पाहिली होती, आणि तरी खोटं बोलले होते. "मादी आहे ती," मी म्हणाले. "शिकार नर आणायचा. पण तो..." बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. वाळक्या फांदीवरून हाक आली नव्हती, कित्येक दिवसांत. "तो दिसत नाहीये, मावशी. मेला असणार. आता तिला एकटीलाच तीन तोंडं भरायची आहेत."

मावशींनी उठून उरलेली पिल्लं डालग्याखाली झाकली आणि डालग्यावर दगड ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दीर कोयता आणि दोरी घेऊन आले. शब्द मीच दिला होता, आता कुठल्या तोंडाने बोलणार? मी नुसती दारात उभी राहिले. दिरांनी धोतर खोचलं आणि बुंध्याला हात लावला. तेवढ्यात मावशी बांधावर गेल्या.

"भावजी, ह्यो ऐन ऱ्हाऊ द्या."

"का वं? पिल्लू न्हेलं न्हवं त्यानं?"

"न्हेलं. त्यानं न्हवं, तिनं. नर मेलाय तिचा. मालक गेलं तवा पोरी ल्हान हुत्या. मी बी वटीत वालाच्या शेंगा आनल्यात, चोरून. तुमच्याच वावरातनं."

मला वाटलं, आपण आत जावं. हे आपण ऐकायचं नाही. पण गेले नाही. दीर कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"म्हाईत हाय, वैनी," ते म्हणाले. "म्हनून तर त्या कडंच्या शेंगा आमी कवा तोडल्याच न्हाईत."

मावशींनी पदर तोंडाला लावला. मलाही रडू आवरलं नाही. दिरांनी आमच्या दोघींकडे बघायचं टाळून दोरी खांद्यावर घेतली, आपल्या बांधावर गेले आणि मावशींच्या राबासाठी स्वतःच्या ऐनावर चढले.