दुमडलेली लग्नपत्रिका

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली, कारण तिच्यात चूक माझी आहे.

अंबरनाथला माझं आर्किटेक्टचं छोटं ऑफिस होतं, तेव्हा तिथे एक मुलगी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायची. दोन छपरं जोडण्याआधी एखादी जुनी, जाड लग्नपत्रिका दुमडून ती छपराचा नमुना करायची आणि त्यावर बाटलीतलं पाणी सोडायची. "पाणी कुठे जातं ते कळलं की झालं, सर."

बदलापूरच्या एका बंगल्याची दोन उतरती छपरं काही केल्या जोडली जाईनात. ती म्हणाली, "सर, मागची भिंत उंचीला चार इंच कमी पडतेय. इथे जुळत नाही, ते साइटवर कसं जुळेल?" मी घाईत होतो. म्हणालो, "रेघ मार आणि प्रिंट काढ."

पावसाळ्यात नेमका तोच सांधा गळला. उल्हासनगरला राहणारे बंगल्याचे मालक ऑफिसात येऊन ओरडले, "ये किसने बनाया?"

"हिने," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग पत्रिका दुमडली, पाणी सोडलं. "देखो सेठ, पानी यहाँ रुकता है. शाम तक नया ड्रॉइंग देती हूँ." दिलंही. भिंत चढवली, छप्पर पुन्हा गळलं नाही.

आजही भाजीबाजारात भेटली की विचारते, "सर, गुडघा काय म्हणतो?" मागच्या रविवारी मी पक्कं ठरवून गेलो होतो, की आज तिची माफी मागायची. ती थांबली, हसली, तिने तेच विचारलं.

"बरा आहे गं," मी म्हणालो आणि तिची जड पिशवी रिक्षापर्यंत नेऊन दिली.