झरोक्यातलं लुगडं आणि ईटची नळी

मंगळवारी पहाटे पावणेपाच वाजता मी मुरुमच्या आमच्या उबवणी केंद्रात स्टुलावर उभा राहून थर्मामीटर वाचत होतो. खालून गोदाकाकू म्हणाल्या, "गौतमा, उतर आता. यस्टी काय तुझ्या पाऱ्यावर चालत न्हाय."

गोदाकाकू आमच्या कोंबडीपालन सोसायटीच्या अध्यक्ष. दुष्काळात खडी फोडायला जाणाऱ्या बायका त्यांनीच गोळा केल्या, शेअर जमवले, कापसाचं एक रिकामं गोडाऊन भाड्याने घेतलं. त्यातल्या एका खोलीत अंडी उबवायचं यंत्र आहे. माझी शाळा आठवीत सुटली, पण आकडे नीट लिहितो म्हणून ते सांभाळायला मला ठेवलं.

या हिवाळ्यात दोन खेपांची पिल्लं कवचातच मेली. थंडीने मेली, असं सगळ्या बायकांचं मत पडलं. मग दिवस मावळला की त्या खोलीचे दोन्ही झरोके कापडाने गच्च बंद करू लागल्या, बाळंतिणीच्या खोलीचे करतात तसे, वारं लागू नये म्हणून. एका झरोक्यात काकूंचं स्वतःचं जुनं हिरवं लुगडं होतं.

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले, त्यांनी मला बाजूला घेऊन वेगळंच सांगितलं. पिल्लू कवचात असतानाही श्वास घेतं, आणि शेवटच्या दिवसांत त्याला चांगली हवा फार लागते. पण झरोके उघडले की ऊब निघून जाते, आणि आमच्या हीटरला पुरेल एवढी वीज रात्री येत नाही. भूमजवळच्या ईट गावच्या केंद्राने यावर काही तरी तोड काढली आहे, जाऊन बघा, असं ते म्हणाले. तिसरी खेप यंत्रात होती, सोमवारी फुटायची. हीही गेली तर शेअर परत घेऊन सोसायटी मोडायची, असं सभेत ठरलं होतं. ईटला जायचं हे मी काकूंना सांगितलं. हवेचं सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर लुगड्याचंही सांगावं लागलं असतं.

तुमच्या सोसायटीतून कोणी ईटला जाणार असेल तर मुरुमहून पहिली गाडी पकडा. लोहाऱ्याला उतरावं लागतं. तिथे उस्मानाबादची गाडी लगेच मिळाली तर बरं, नाही तर जीप. पण जीपवाला माणसं भरेपर्यंत हलत नाही. आम्हाला गाडी मिळाली. काकूंनी खिडकी धरली, मी गाठोडं.

"आजी, कुठं?" कंडक्टरने विचारलं.

"ईटला. कोंबडीचं बाळंतपण बघाय."

तो हसला. "कोंबडीचं बी बाळंतपण असतंय व्हय?"

"हसाय काय झालं? तू काय मशीनीतनं निघालास?"

मागच्या बाकावरची माणसं हसायला लागली. कंडक्टरने तिकिटं फाडली. उस्मानाबादपर्यंत दोघांचे तेरा रुपये धरून चाला.

उस्मानाबादच्या स्टँडवर 'धुम्रपान करू नये' अशी पाटी आहे. 'धू' दीर्घ हवा. मी तसं काकूंना म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "मग बिडी वडायची का आपण?" चहा ठीक होता. भजी घेऊ नका, तेल जुनं होतं. आम्ही काकूंच्या गाठोड्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

भूमची गाडी दुपारी निघाली. घाट चढल्यावर वारा कोरडा आणि गार लागतो, कान बांधायला काही तरी जवळ ठेवा. वाटेत दुष्काळी कामातला एक तलाव दिसला. तळाशी थोडं पाणी होतं, त्यात दोन म्हशी. "असल्याच एका तळ्यावर आमी व्हतो," काकू म्हणाल्या. "सुनंच्या आईची वळख तितंच झाली. खडी फोडता फोडता सोयरीक." ती सून आता दुसऱ्या खेपेची बाळंतीण होती, म्हणून काकूंना दुसऱ्या दिवशी घरी पोचायचंच होतं. भूम ते ईट रस्ता कच्चा आहे. गाडीतून सगळे धुळीने पांढरे होऊन उतरतात.

ईटच्या केंद्रावरची पाटी मी आधी वाचली: 'उबवणी केंद्र'. ऊब लिहिताना दीर्घ आणि उबवणी लिहिताना ऱ्हस्व, हे तिथे कोणाला तरी माहीत होतं. तेवढ्याने मला थोडा धीर आला. केंद्र चालवणाऱ्या शेवंताबाई दारात आल्या, जयभीम म्हणाल्या, पाय धुवायला पाणी दिलं आणि आम्हाला थेट खोलीत नेलं.

आत आमच्या खोलीएवढीच ऊब होती. काकू दारातच थांबल्या, नाक वर करून म्हणाल्या, "आपल्यावानी कोंदट वास न्हाय."

शेवंताबाईंनी भिंतीवरची पत्र्याची नळी दाखवली. चांगली मांडीएवढी जाड, वरून गोणपाट गुंडाळलेलं, आणि तिच्या आत दुसरी बारीक नळी. "आतली कोंदट हवा ह्या मोठ्या नळीतनं भाईर जाती, बारका पंखा लावलाय. भाईरची ताजी हवा बारक्या नळीतनं आत येती. दोघींची गाठ पडत न्हाय, मधी पत्रा हाय. पर जाणारी आपली ऊब येणारीला देऊन जाती."

काकूंनी बाहेर जाऊन बारक्या नळीच्या तोंडाशी हात धरला. गार. आत येऊन दुसऱ्या तोंडाशी धरला आणि तिथेच ठेवला. मोठ्या नळीच्या बाहेरच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. उबेतली ओल पत्र्यावर सुटते, म्हणून नळीला बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, नाही तर पाणी खोलीत येतं. हे विसरू नका.

मी नळीच्या जोडाबद्दल विचारणार होतो, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "आन् नळी नव्हती तवा?"

"तवा आमी झरोके कोंबायचो," शेवंताबाई म्हणाल्या. "लई पिल्लं घुसमटून मेली, बाई. आमाला वाटायचं, गारठ्यानं."

काकूंनी नळीच्या तोंडाशी धरलेला हात काढला. मग मला म्हणाल्या, "तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"डॉक्टर आले तेव्हापासून."

"आन् बोलला न्हाईस."

"तुमचं लुगडं होतं, काकू."

त्यांनी पदर सारखा केला आणि शेवंताबाईंना म्हणाल्या, "वाइच पाणी दे गं प्यायला."

मुक्काम शेवंताबाईंकडेच केला. जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते. पैसे घेतले नाहीत; तुम्ही जाल तर घरच्यांसाठी काही तरी घेऊन जा, आम्ही रिकाम्या हाताने गेलो.

परतताना उस्मानाबादपर्यंत मी दोनदा माफी मागायचं ठरवलं आणि दोनदा खिडकीबाहेर बघितलं. लोहाऱ्याच्या गाडीत त्या आपणहून बोलल्या. "सून म्हणती, आत्याबाई, खोलीत जीव घाबरतो. मी म्हणते, वारं बाधंल. रोज म्हणती, आन् मी रोज दार लावते."

"उद्या विचारा त्यांना," मी म्हणालो.

"उद्या कशाला," त्या म्हणाल्या.

गुरुवारी टिनवाल्याला बोलावलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जुन्या तेलाच्या डब्यांची नळी तयार झाली, आणि एका झरोक्यातून ती पंख्यासकट बाहेर काढून, हवा आता नळीतूनच यायची-जायची म्हणून, दुसरा पक्का बुजवला. झरोक्यातलं लुगडं काकूंनी स्वतः ओढून काढलं. मला वाटलं, घरी नेतील किंवा फेकतील. मी गोणपाट घेऊन आलो, तर त्यांनी ते खाली ठेवायला लावलं. लुगडं झटकलं, आणि नळीभोवती पदर पदर करत गुंडाळून सुतळीने बांधलं.

"गोणपाट चाललं असतं की," टिनवाला म्हणाला.

"टोचंल तिला," काकू म्हणाल्या.

सोमवारी पहाटे मी दार उघडलं तेव्हा यंत्राच्या आतून आवाज येत होता. सगळी फुटली नाहीत. पण ट्रे ओल्या पिल्लांनी भरत होता, आणि मी स्टुलावर न चढताच काकूंच्या घराकडे पळालो. वाटेत दिसलं, बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडी होती. काकू आल्या. पिल्लांकडे त्यांनी नंतर बघितलं. आधी बारक्या नळीच्या तोंडाशी हात धरून उभ्या राहिल्या.