रापादू म्हणजे गूळ

"त्याचं भाषांतर नको," राफाएल मला स्पॅनिशमध्ये म्हणाला. "मी बोलतो तेवढंच यांना सांगा."

कोल्हापूरशेजारी उचगावच्या एका ओतकामाच्या कारखान्यात आम्ही एका रोलरभोवती उभे होतो. रोलर म्हणजे साखर कारखान्यात ऊस पिळणारा लोखंडी दंडगोल. हा माणसाच्या कमरेला लागेल एवढा जाड होता आणि त्याच्या अंगभर गोल खाचा होत्या. पिळलेला रस या खाचांतून खाली जातो. राफाएल म्हणजे असे रोलर घ्यायला डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेला मुख्य इंजिनिअर. साठीच्या जवळ आलेला, इस्त्रीच्या शर्टातला. 'त्याचं' म्हणजे त्याच्या हाताखालच्या ज्याँचं. ज्याँही इंजिनिअरच, वयानं बराच लहान. रस जायच्या खाचा उथळ पडल्यात असं त्याचं म्हणणं होतं.

मी दुभाषी आहे. राहते शाहूपुरीत, स्पॅनिश शिकले पुण्यात. कोल्हापूरचं कास्टिंग समुद्रापलीकडे जायला लागलं तेव्हापासून मला काम कमी पडलेलं नाही. आमच्या कामात दोन गोष्टी पाळाव्या लागतात. समोर मोठ्यानं जे बोललं जाईल ते सगळं दुसऱ्या भाषेत जातं. आणि बोलणाऱ्याचं 'मी' तेच आमचं 'मी'. 'ते म्हणतात, त्यांना शंका आहे' असं आम्ही म्हणत नाही. 'मला शंका आहे' असं म्हणतो. दिवसभर दुसऱ्यांचं 'मी' बोलून घरी आले की कधीकधी माझाच आवाज मला लांबून कुठूनतरी येतोय असं वाटतं.

राफाएलचं वाक्यही मोठ्यानंच बोललेलं होतं. म्हणून मी तेही मराठीत सांगितलं. "त्याचं भाषांतर नको. मी बोलतो तेवढंच सांगा."

आण्णा म्हणजे कारखान्याचे मालक. सहा फूट उंची, आवाज त्याहून मोठा.

"आँ? का म्हणून? दोघंबी आमचं पावणं हायत. ज्यो काय बोलंल त्ये समदं सांगा की मॅडम!"

हे मी स्पॅनिशमध्ये सांगितलं. राफाएलनं खांदे उडवले. ज्याँनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग पुन्हा खाचांकडे. त्याची शंका मराठीत आली. आण्णा म्हणाले, "मूळ ड्रॉईंग काढून बघाय लागंल. आमचा ड्रॉईंगवाला उद्या सकाळी येतोय. तवर चला, तुमास्नी गुऱ्हाळ दाखवतो."

गाडीत बसेपर्यंत मला या दोघांमधलं काय ते कळलं होतं. ते शब्दांतून कळलं नाही. बोलताना तर दोघं भाऊ वाटायचे. दोघंही शब्दाच्या शेवटचा 'स' गिळायचे, दोघंही वाक्य सारख्याच वेगानं सोडून द्यायचे. पण राफाएल ज्याँला नावानं हाक मारत नव्हता. 'तो हैतीवाला' म्हणायचा.

थोडं समजावून सांगते. कॅरिबियन समुद्रात एक बेट आहे आणि त्या एकाच बेटावर दोन देश. पश्चिमेला हैती, पूर्वेला डॉमिनिकन रिपब्लिक. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं दोन्हीकडे उतरवली गेली. पश्चिमेचे मालक फ्रेंच, पूर्वेचे स्पॅनिश. पश्चिमेच्या गुलामांनी बंड करून स्वतःचा देश उभा केला, आणि पुढे काही वर्षं पूर्वेवरही राज्य केलं. पूर्वेनं आपलं स्वातंत्र्य घेतलं ते हैतीपासून. ती अढी आजतागायत आहे. मग पूर्वेला साखर कारखाने वाढले, आणि ऊस तोडायला माणसं आली ती पश्चिमेकडून. हंगामापुरती म्हणून आली आणि उसाच्या कडेला वस्त्या करून राहिली. त्यांना तिथंच मुलं झाली. त्या मुलांना पुढे सांगण्यात आलं की तुम्ही इथले नाही. ज्याँ त्यांच्यापैकी एक. हैती त्यानं कधी पाहिलेलंही नव्हतं.

थंडीचे दिवस होते. दुपार कलली होती आणि उसाच्या फडांवर कुठंतरी जाळलेल्या पाल्याचा निळसर धूर आडवा पसरला होता. रस्ता त्यात शिरायचा, दिसेनासा व्हायचा, परत वर यायचा.

"आमच्या जुन्या ओळखपत्रावर रंगाचा रकाना असायचा," राफाएल सहज म्हणाला. "माझ्या वर्णाच्या माणसापुढे लिहायचे 'इंडियो'. म्हणजे इंडियन. काळा असं कुणी लिहून घेत नसे."

मी ते मराठीत सांगितलं. आण्णांनी पुढच्या सीटवरून मागं वळून राफाएलच्या गुडघ्यावर थाप मारली. "मग तुमी आमचंच की वो पावणं!"

राफाएल हसला. ज्याँही खिडकीकडे तोंड करून हसला. पण दोघं वेगवेगळ्या गोष्टींना हसले असावेत.

मग ज्याँ एकदम म्हणाला, "गाडी थांबवा."

रस्त्याच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या खोपी होत्या. ताडपत्री आणि उसाच्या वाढ्यांनी, म्हणजे शेंड्यांच्या पाल्यानं, केलेल्या, वाकून आत जावं लागेल अशा. एका खोपीसमोर एक बाई मूल मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी बैल धुरात अर्धे बुडालेले. ज्याँ उतरला आणि तिथंच उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून कळेना की तो हे बघतोय की आठवतोय.

"ही माणसं कोण?" त्यानं विचारलं.

"ऊसतोडवाली," आण्णा म्हणाले. "हंगामाला बीडकडनं येत्यात. ती आमच्यातली न्हवंत."

मी स्पॅनिशमध्ये सांगितलं. ज्याँनं मान हलवली. त्या बाईजवळ गेला आणि दोन हात अंतर राखून उकिडवा बसला. बाईचं नाव मंदा. तिनं पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं. कारण परका बोलत होता आणि आवाज माझा येत होता.

"बाळ कुठं जन्मलं?"

"हितंच की. मागल्या हंगामात, फडाच्या कडंला."

"मग ते कुठलं?"

"आमच्या गावचं. नाव तिकडं घातलंय ना. हितं कुठं घालत्यात आमची नावं?" ती जरा हसली. "हितं आमाला कोयता म्हणत्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता."

हे स्पॅनिशमध्ये नेताना मी अडखळले. दोन माणसं मिळून एक हत्यार. मी तसंच शब्दाला शब्द सांगितलं. ज्याँनं ते ऐकलं. मग बाईकडे बघून बोलायला लागला, आणि मी त्याच्या मागोमाग.

"मी अशाच खोपीत जन्मलो."

स्पॅनिशमध्ये त्या क्रियापदाला लिंग नसतं. मराठीत ते निवडावं लागतं. मी 'जन्मलो' म्हणाले आणि मंदाबाईनं माझ्या पंजाबी ड्रेसकडे आणि चष्म्याकडे बघितलं. मी थांबले नाही.

"माझा बाप ऊस तोडायचा. मी शाळेत पहिला आलो तेव्हा मास्तर म्हणाले, पुढच्या शाळेसाठी जन्माचा दाखला आण. कचेरीत गेलो. तिथं म्हणाले, तुझा बाप इथला नाही, तर तूही नाहीस. मी म्हटलं, मग मी कुठला? त्यांनी खिडकी लावून घेतली. पुढं एका पाद्र्यानं खटपट केली म्हणून मला कागद मिळाले. सगळ्यांना नाही मिळाले."

बोलता बोलता धुरात माझं मलाच कळेना की हे कोण सांगतंय. ती खिडकी मला दिसत होती. हिरवा रंग उडालेली. ज्याँनं रंग सांगितला नव्हता.

मंदाबाईनं विचारलं, "आता भेटत्यात का कागद, तिकडच्या लेकरांना?"

ज्याँ उत्तर देणार तेवढ्यात मागून राफाएल म्हणाला. कंटाळून, मोठ्यानं. "यांना सांगा, हा काही आमच्या देशाचा नमुना नाही. तो आमच्यातला नाही."

मी वळले. आण्णांकडे बघून ते सगळं सांगितलं, शेवटच्या वाक्यापर्यंत. "तो आमच्यातला नाही."

शब्द मी निवडले नव्हते. स्पॅनिशमध्ये राफाएल जे म्हणाला त्याला मराठीत हेच शब्द आहेत. आण्णांनी मंदाबाईकडे पाहिलं, मग बुटांकडे. मग गाडीत जाऊन बसले आणि ड्रायव्हरला गुऱ्हाळाकडे घ्यायला सांगितलं.

गुऱ्हाळात काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, रस रटरटत होता आणि वाफेनं छपराखालचं सगळं विरघळून गेलं होतं. माणसं कमरेपासून वर दिसत नव्हती. गोड वास इतका दाट की तो श्वासातून आत जाऊन जिभेवर उतरायचा. गुळव्यानं, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिरानं, फावड्यावरचा ताजा गूळ पळसाच्या पानावर घेऊन पाहुण्यांपुढे धरला. ऊन ऊन, अजून लवलवणारा.

राफाएलनं तो तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"रापादू," तो म्हणाला.

मला शब्द कळला नाही. मी शिकले त्या स्पॅनिशमध्ये अशा गुळाला वेगळा शब्द आहे. मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले. पण वाफेतून ज्याँचा आवाज आला. "काय म्हणालात?"

"काही नाही."

"रापादू म्हणालात. हा आमच्या घरातला शब्द आहे. हैतीतला. ताडाच्या पानात गुंडाळलेला गूळ. तुम्हाला कुणी शिकवला?"

राफाएलनं हातातल्या पानाकडे पाहिलं. आजूबाजूला सगळे कानडी आणि मराठी बोलत होते. तिथं त्याची भाषा समजणारी माणसं दोनच होती, ज्याँ आणि मी. त्यामुळेच तो बोलला असावा.

"आजीनं. सरहद्दीवरच्या गावात राहायची. असला गूळ लपवून द्यायची मला, दार लावून. म्हणायची, नाव घ्यायचं नाही."

"सरहद्दीच्या कुठल्या बाजूची?"

राफाएलनं पानाची कड दुमडली. त्यांच्याकडे एका हुकूमशहाच्या काळात सैनिकांनी सरहद्दीवर हजारो हैतीयन लोकांना मारलं. सांगतात की कोथिंबिरीसारखी एक जुडी समोर धरायचे आणि विचारायचे, हे काय आहे? त्या भाजीच्या स्पॅनिश नावात 'र' आहे. हैतीच्या माणसाच्या जिभेवर तो वळत नाही. ज्याच्या तोंडून तो नीट आला नाही, तो गेला.

"ती कत्तल झाली तेव्हा आजी पोर होती," राफाएल म्हणाला. "एका डॉमिनिकन बाईनं तिला आत घेतलं आणि रात्रभर एकच अक्षर घोकायला लावलं. पुढं मरेपर्यंत ती 'र' जरा जास्तच ठासून म्हणायची. माझं नाव तिनंच ठेवलं. 'र'नं सुरू होणारं पाहिजे म्हणाली. घरात कुणाची जीभ वळत नसेल तर लहानपणीच कळावं म्हणून."

त्याचा आवाज मोठा नव्हता, पण आण्णा शेजारीच होते. "काय म्हणत्यात मॅडम?"

राफाएल घाईनं म्हणाला, "हे नको. कृपा करून."

कारखान्यात तो दुसऱ्याचं बोलणं अडवत होता. आता स्वतःचं अडवत होता. स्वतःचं अडवायचा त्याला हक्क आहे. मी आण्णांना सांगितलं, "त्यांच्या घरातलं काहीतरी आहे. सांगू नका म्हणतायत." आण्णांनी मान डोलावली आणि त्याच्या पानावर आणखी गूळ घालायला लावला.

परतताना अंधार पडायच्या आधीचा तो पिवळा उजेड फडांवर होता. ज्याँ डावीकडच्या खिडकीतून बघत होता, राफाएल उजवीकडच्या. मधे मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रॉईंग निघालं. खाचा बरोबर होत्या. ज्याँच्या डोक्यात त्यांच्या जुन्या मिलचं माप होतं. नवी मिल वेगळी. त्यानं स्वतः मोजून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "मी चुकलो." मी मराठीत सांगितलं.

"असूं दे की," आण्णा म्हणाले. "इचारलं त्ये बरं केलं. आमालाबी खात्री झाली."

मला वाटलं, आता राफाएल काहीतरी टोचून बोलणार. त्यानं घसा साफ केला. टेबलाभोवती आण्णा, ड्रॉईंगवाला, दोन फिटर आणि आम्ही तिघं होतो.

"मला एक सांगायचंय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "आणि याचं भाषांतर करा. काल मी म्हणालो, हा आमच्यातला नाही. मी एका हैतीयन बाईचा नातू आहे. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोलाही नाही."

मी त्याच्याच सुरात, त्याच्याइतकंच सावकाश मराठीत सांगितलं.

मग आण्णा म्हणाले, "बरं. मग दोघं एकाच मुलखातलं की. त्यात काय एवढं?" आणि दाराकडे वळून, "च्या आला काय रं?"

राफाएलनं मला विचारलं, "सगळं सांगितलंत?"

"सगळं."

"मग काय म्हणतायत?"

"त्यात काय एवढं, म्हणतायत. आणि चहा आला का ते विचारतायत."

तो आधी माझ्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला. डोळे पुसायला चष्मा काढावा लागला इतका.

ज्याँ हसला नाही. "तुम्ही सांगितलंत, चांगलं केलंत," तो म्हणाला. "पण माझ्या बहिणीला अजून कागद नाहीत. तिची मुलगी आता शाळेत जायच्या वयाची झाली."

हेही मी मराठीत सांगितलं. राफाएलचं हसू थांबलं. त्यानं ज्याँला बहिणीचं नाव विचारलं, आणि ती कुठल्या वस्तीत राहते तेही.

रोलर वेळेत गेले. पुढच्या उन्हाळ्यात ज्याँचा व्हॉइस मेसेज आला. रोलर ठीक चाललेत. राफाएल ज्याँच्या बहिणीबरोबर कचेरीत गेला होता, साक्षीदार म्हणून. इस्त्रीचा शर्ट घालून. काम झालं नाही. परत या म्हणाले. दोघं परत जाणार आहेत. हे सगळं लिहू का, असं मी राफाएल आणि ज्याँ दोघांनाही विचारलं. हो म्हणाले, फक्त नावं बदला. तशी बदलली आहेत.

शिकवण म्हणाल तर एवढीच. शब्द मी समुद्रापलीकडून कोल्हापुरात आणू शकते. त्यांचं वजन बरोबर येईलच असं नाही. पण काही माणसांना ते उतरवून ठेवायला असंच एखादं गाव लागतं, जिथं ते वजन कुणाला कळत नाही आणि चहा वेळेवर येतो.