बारशाची चादर

बायको गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी तिची पत्र्याची पेटी उघडली. शेजारच्या वहिनींच्या सुनेचे दिवस भरत आले होते, आणि त्यांच्या घरून अजून चादर मागायला कोणी आलं नव्हतं.

चादर म्हणजे पाळण्यात अंथरायची. पांढऱ्या सुताची, क्रोशानं विणलेली, मधे जाळी आणि चारी कडांना टोकं. बायकोनं ती लग्नानंतर लगेच विणली होती, आमच्याच लेकरासाठी. ते लेकरू बारशापर्यंत पोचलं नाही. पुढं दुसरं झालं नाही. यावर जास्त लिहीत नाही. लिहून काय होते?

अशा बाईच्या हातची वस्तू कोणी बारशाला घेत नाही. आमच्या दिग्रसच्या गल्लीत मात्र उलटं झालं. या शेजारच्या वहिनींची पहिली दोन लेकरं गेली होती. तिसऱ्याच्या वेळी त्यांच्या सासूनं नको-नको म्हटलं तरी त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बायकोला म्हणाल्या, "साऱ्यायचं ऐकून पाह्यलं. आता तुह्या चादरीवर निजवून पाहातो."

ते पोरगं जगलं. मग गल्लीत कोणाचंही बारसं असलं की चादर आमच्याकडून जायची. पोरीबाळी यायच्या, म्हाताऱ्या यायच्या, चहा व्हायचा, कोणाला किती त्रास झाला ते सगळं आमच्या ओसरीवर बोललं जायचं. बायकोची अट एकच. चादर धुऊन आणायची नाही, जशी असेल तशी आणून द्यायची.

"काहून वं? आमाले धुता येत नाही काय?"

"तुमी पिळता," बायको म्हणायची. "आन् मंग दोरीवर लटकवता. जाळी लांबते. फाशी द्याची हाये काय तिले?"

मी तेव्हा कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला. सुटीच्या दिवशी तिचं धुणं दिसायचं तेवढंच. दिसायचं म्हणजे काय, मी विडी ओढत बसलेला असायचो. आपलं काम नाही ते माणूस नीट पाहत नाही.

शेवटच्या बारशाहून चादर आली तेव्हा बायको खाटेला खिळली होती. "ठेवून द्या, बरी झाली का धुतो," म्हणाली. मी ठेवून दिली. आता पेटी उघडून पाहतो तर मधोमध हळदीचा तळहाताएवढा डाग, कडेला काजळ, आणि घडीवर पेटीच्या कडीचा जंग उतरलेला. बाकी सगळं सूत जुन्या कागदासारखं पिवळं पडलेलं.

म्हटलं, लोकांनी मागायच्या आधी साफ करून ठेवू. मागायला येतील तेव्हा अशी दाखवायची काय? आणि साफ दिसली नाही तर पुन्हा कोण येणार या घरात? जिन सुटलं होतं, बायको गेली होती, दिवसभरात माझं नाव घेणारं माणूस नव्हतं.

जिनातले तेलकट कपडे आम्ही एकाच रीतीनं धुवायचो. उकळतं पाणी, त्यात मूठभर धुण्याचा सोडा. काळं तेलही सुटायचं. मी तेच केलं. घंगाळात पाणी ओतलं, सोडा टाकला, चादर सोडली.

हळद लाल झाली. पाहता पाहता. पिवळा डाग कुंकू कालवल्यासारखा लालभडक झाला, आणि जिथं हळद दिसतही नव्हती तिथंही लाल ठिपके उमटले. मी घाबरून चादर एका टोकाला धरून वर ओढली. पाण्यानं जड झालेली, स्वतःच्याच वजनानं दोन-तीन ठिकाणी तटतट तुटली.

मी तिथंच बसलो. तोंडातून आवाज निघाला असावा, कारण वहिनींनी भिंतीवरून डोकं काढलं.

"काय झालं भाऊजी? भाजले काय?"

मी नुसता घंगाळाकडं हात केला.

"अगो माय! हळदीवर सोडा टाकला काय?"

"मले काय माहीत?"

"जिनाचे चड्डे हायेत काय ते? लाल होईन नाही तं काय हिरवं होईन? थंडं पानी टाका पह्यले. आन् असं एका टोकाले धरून उचलू नका, खाली फडकं घाला."

त्या मागच्या दारानं आल्या. माझं जुनं धोतर पाण्यात पसरलं, चादर त्यावर घेतली आणि लेकरू उचलावं तशी दोन्ही हातांवर उचलली. पाणी बदललं. लिंबू पिळल्याबरोबर लाल गेलं आणि पुन्हा हळद दिसायला लागली.

"हे कोनासाठी चाललं हाये?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच नातवासाठी. नाही तं कोनासाठी?"

त्या पदरानं हात पुसत म्हणाल्या, "आमी तं बजारातून छापील चादर आनली. म्हटलं, तुमी एकटे मानूस. तुमाले कायले तरास? कोन काढीन, कोन धुईन?"

"मी धुईन."

"दिसलं ना आता," वहिनी म्हणाल्या. पण जाताना कसं करायचं ते सांगून गेल्या.

रिठे भिजवून त्या पाण्यात चादर नुसती दाबायची, चोळायची नाही. काजळाला आधी डाळीचं पीठ लावून तेल शोषू द्यायचं. जंगावर लिंबू आणि मीठ. हळदीला ऊन, दुसरं काही नाही, पण कापड ओलं पाहिजे. जंगासाठी मी लिंबं आणायला बाजारात गेलो. नवे पैसे चालू झाले होते, पण लिंबवाली अजून आण्यातच बोलायची. "चाचा, लोनचं टाकून राह्यले काय?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. काय सांगणार होतो?

अंगणात बाज टाकली, तिच्यावर धोतर, धोतरावर चादर. टोकं ताणून बसवायला बाभळीचे काटे आणले. टाचणी लावली तर जंग धरते, हे मात्र बायकोच्या तोंडून ऐकलेलं आठवलं. एकेक टोक ओढायचं, एकेक काटा टोचायचा. वाळत आली की पाणी शिंपडायचं. डोक्याला उपरणं बांधून मी बाजेशेजारी दिवसभर बसून राहिलो. मधूनच वाटे, तिला विचारावं एवढं ताणू का अजून? आणि मान वळायचीसुद्धा घराकडं.

उन्हानं हळद खाल्ली. जंगाची फिक्कट खूण राहिली. तुटलेल्या जागा मी साध्या दोऱ्यानं गाठी मारून बांधल्या, मला क्रोशा कुठं येतो? वहिनी पाहायला आल्या. सगळ्या जाळीवरून बोट फिरवलं, गाठींवर थांबलं.

"तिच्यावानी नाही झाली."

"नाही झाली."

"पन झाली," म्हणाल्या आणि घडी करून घेऊन गेल्या.

नातू झाला. बारशात पुरुषमाणसाचं काम नाही. मी भिंतीच्या अलीकडं बसून बायकांचं गाणं आणि नाव ठेवताना होणारी हसाहस ऐकली. दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः चादर घेऊन आल्या, न धुता.

"भाऊजी, एक बोलू काय? हे आमच्याकडंच राहू द्या. सून धुईन, मी पाहीन. गल्लीत कोनाले लागली तं आमच्याकडून नेतीन. तुमाले त्या उनात बसा लागनार नाही."

बोलणं सरळ होतं. माझ्या भल्याचंच होतं.

"नाही," मी म्हटलं.

"काहून?"

"मंग माह्याकडं कोन येईन?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि चादर बाजेवर ठेवली. दारापाशी जाऊन वळल्या. "दूध सांडलं हाये तिच्यावर. थंड्या पान्यात टाकजा. गरम केलं तं टकुरं फोडीन तुमचं."

मी थंड पाण्यात टाकली. वाळवून, धोतरात गुंडाळून ठेवली. त्यानंतर पावसाळा उलटून गेला तरी गल्लीत कोणाकडं लेकरू झालं नाही. पिवळी पडत तर नाही ना, एवढं पाहायला मी मधून मधून पेटी उघडायचो. उजेडात धरून पाहायचो. मग तशीच घडी घालून आत.