मावशीचं शहाळं

मंगळवार, सकाळ, अलिबाग. हजर: पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आई, नागावहून आलेली मावशी, मी आणि वॉर्डातल्या सिस्टर, ज्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

सिस्टरनी आईच्या हिरव्या बांगड्या तेल लावून उतरवल्या, एकही फुटू दिली नाही. मग विचारलं, "आजी, सकाळपासून काय खाल्लंत?"

"काय न्हाय," आई म्हणाली. मीही मान डोलावली.

सिस्टर मावशीकडे वळल्या. "वाडीतून रिकाम्या हाती आलात होय?"

"रिकाम्या कशाला? शहाळं आणलं. मलई भरवली तिला, पोटाला थंड."

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी लगेच डॉक्टरांना कळवलं, ऑपरेशन संध्याकाळवर गेलं. आईला पांघरूण घालत त्या मला म्हणाल्या, "भुलीत उलटी झाली तर ती श्वासात जाते, जीवावर बेततं. खोटं कुणी बोलत नाही हो. मायेनं भरवलेलं कुणी खाण्यात धरत नाही. म्हणून भरवणाऱ्यालाच विचारायचं."

संध्याकाळी आई शुद्धीवर आली तेव्हा तिचा हात त्यांच्याच हातात होता. मावशी ओशाळून कोपऱ्यात उभी होती. तिला त्या म्हणाल्या, "आता मलाही एक आणा."

आई बरी आहे, बांगड्या परत हातात आहेत. सिस्टरना शहाळं नेऊन द्यायचं तेवढं राहिलंय.